ताराबाईंची अंगणवाडी आणि आपली

३१ ऑगस्ट हा ताराबाई मोडक यांचा स्मृतिदिन. तो फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. २०१८ पासून शासन साधारणतः सप्टेंबर महिन्यात राष्ट्रीय पोषण माह साजरा करते. दारव्हा तालुक्यातील आमच्या बोरी अरबसारख्या गावातही त्या दिवसांत पाककृतींची प्रदर्शने मांडली जातात, मुलांची वजने होतात, मातांना चार गोष्टी सांगितल्या जातात. आणि हे सारे ज्या लहानशा खोलीत घडते तिला आपण अंगणवाडी म्हणतो. ज्या बाईंच्या प्रयोगातून हा शब्द देशाला मिळाला त्यांचे नाव त्या खोलीत उच्चारले जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्याची खंत एक वेळ बाजूला ठेवू. शब्द घेताना आपण त्यामागचा विचार अर्धाच घेतला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि ते पारखून पाहण्यासाठी ताराबाईंच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा वळणे अगत्याचे वाटते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या मंडळींपैकी, त्यामुळे मुलींनी शिकावे की शिकू नये हा वाद त्या घरात निदान उंबऱ्याबाहेर राहिला होता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९१५ साली कृष्णाजी विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मोडक हे अमरावतीस वकिली करीत. म्हणजे ताराबाईंचा संसार आपल्या वऱ्हाडात मांडला गेला आणि वऱ्हाडातच मोडला. १९२१ मध्ये हे दांपत्य विभक्त झाले. त्या संसारातल्या दुःखांविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात आपण शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र नोंदवले पाहिजे की, घटस्फोट हा शब्दही ज्या समाजात दबक्या आवाजात उच्चारला जाई, त्या समाजात एका शिकलेल्या स्त्रीने तिशीच्या उंबरठ्यावर एकटीने पोट भरण्याचा आणि मूल वाढवण्याचा निर्णय घेतला. वऱ्हाडाने त्यांना काही दिले असेल तर हा निर्णय दिला.

पोटासाठी त्या राजकोटला गेल्या. तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. पद मानाचे होते, पगार बरा होता, आणि आयुष्य तेथेच सुखाने संपवता आले असते. परंतु त्याच सुमारास शेजारच्या भावनगरला एक वेगळाच उद्योग चालू झाला होता. नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढले होते. गिजुभाईंनी माँटेसोरीबाईंची पुस्तके वाचली होती. मुलाला मारून, घोकून घेऊन शिकवण्याच्या पद्धतीविरुद्ध त्यांनी जणू युद्धच पुकारले होते. ताराबाई राजकोटची नोकरी सोडून त्यांना जाऊन मिळाल्या. मराठी बाईने गुजराती मुलांसाठी गुजरातीतून लिहायचे, शिक्षिका तयार करायच्या, आणि मिळकत पूर्वीपेक्षा कमी, असा हा सौदा होता. व्यवहारी माणसाने तो केला नसता. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि ताराबाई त्या संघाचा कणा ठरल्या.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण पुढच्या सगळ्या कथेची किल्ली तीत आहे. मारिया माँटेसोरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली उघडले ते रोममधील सान लोरेन्झो या मजूरवस्तीत. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांवर आणि गल्ल्यांत उंडारणाऱ्या गरिबांच्या मुलांसाठी ते होते. पण जी पद्धती गरिबांच्या चाळीत जन्मली ती पंचवीस-तीस वर्षांत जगभर सुखवस्तूंच्या बंगल्यांत जाऊन बसली. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मोजूनमापून केलेली साधने, खास तयार झालेल्या शिक्षिका, हे सारे महाग होते. ज्याची मागणी पैशाने व्यक्त होते त्याच्याकडेच पुरवठा जातो, हा आमच्या विषयातला अगदी प्राथमिक नियम बालशिक्षणालाही लागू पडला. ताराबाईंच्या वाट्यालाही तोच अनुभव आला. भावनगरहून परतल्यावर १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढला. तो नावारूपाला आला, तेथून शिक्षिका तयार होऊन बाहेर पडू लागल्या, मध्यमवर्गीय पालक आपली मुले आनंदाने धाडू लागले. चाळिशी ओलांडलेल्या कार्यकर्त्याला एवढे यश पुरते.

ताराबाईंना ते पुरले नाही. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत, आणि आपले सारे काम शहरातल्या मूठभरांसाठी, ही टोचणी त्यांना होती. तो काळही तसाच होता. तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी नई तालीमचा विचार सात वर्षांच्या अलीकडे, थेट मातेच्या गर्भापर्यंत नेला होता. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत पूर्वबुनियादी शिक्षणाची चर्चा झाली होती, आणि सेवाग्राम तर आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी शेजारी. त्याच १९४५ साली ताराबाईंनी दादर सोडले आणि त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. आचार्य भिसे यांच्यासारखी शिक्षणाला वाहून घेतलेली माणसे तेथे आधीपासून काम करीत होती. ताराबाईंच्या सोबत आल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, जिद्दीने शिकलेल्या, पस्तिशीतल्या. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. आपल्याकडे ज्या वयात माणसे सेवानिवृत्तीचा हिशोब मांडू लागतात, त्या वयात या बाईंनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

पहिलीपासून, असे म्हणण्याचे कारण आहे. भावनगर आणि दादर येथे जे जे सिद्ध झाले होते ते बोर्डीत निरुपयोगी ठरले. शहरातले मूल न्हाऊनमाखून, पोटभर जेवून बालमंदिराच्या दारात येते; त्याच्या पुढ्यात साधने ठेवली की काम सुरू होते. येथे मूल दारात येतच नव्हते. आले तर अंगावर खरूज, केसांत उवा, नाक वाहते, पोट रिकामे. अशा मुलाला ठोकळे रचायला लावणे ही थट्टा झाली असती. म्हणून बालवाडीचा पहिला पाठ नखे कापणे, केस विंचरणे, आंघोळ घालणे हा झाला. पदवीधर शिक्षिका पाण्याच्या हंड्यांजवळ बसून परक्यांच्या पोरांना न्हाऊ घालत आहेत, हे दृश्य गावाला नवे होते. आरोग्य आणि शिक्षण ही दोन निराळी खाती आहेत, हे ताराबाईंना कोणी सांगितले नव्हते. मुलाच्या अंगाला हात लागला की त्याच्याशी बोलणे आले, बोलण्याबरोबर गाणे आले, पाणी मोजून ओतण्याबरोबर कमी-जास्त ही जाण आली. खरूज बरी होणे आणि शब्द वाढणे या गोष्टी एकाच वेळी, एकाच माणसाच्या हातून घडत होत्या.

साधनांचेही तसेच. महागडी पेटी खेड्याला परवडणार नाही, हे उघड होते. म्हणून शिंपले, गोटे, चिंचोके, पाने, फुले, काड्या, माती यांना कामाला लावले गेले. आकार, रंग, संख्या, वजन, खरखरीत आणि मऊ, हे सारे त्यांत होतेच. गरिबीमुळे केलेली ही तडजोड होती असे काही जण समजतात. वस्तुतः ती सुधारणा होती. मुलाला जी वस्तू घरी गेल्यावरही सापडते, तिच्याशी त्याचा खेळ शाळा सुटल्यावर थांबत नाही.

तरीही मुले येईनात. पाड्यापाड्यांवर विखुरलेल्या वारली कुटुंबांतली मुले बालवाडीपर्यंत चालत येणे अवघड होते. आणि यायचे ठरवले तरी त्यांना आणायचे कोणी? आईबाप मजुरीवर, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळणारी. या टप्प्यावर पालकांच्या अज्ञानाला दोष देऊन अहवाल लिहिता आला असता. असे अहवाल आपल्याकडे कमी लिहिले गेलेले नाहीत. ताराबाईंनी प्रश्न उलटा केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका झोळीत साधने घालून वस्तीत जाऊ लागल्या, कोणाच्या तरी अंगणात किंवा झाडाखाली बसू लागल्या. मुले आधी पळाली, मग लांबून पाहू लागली, मग जवळ आली. कडेवर भावंड घेऊन थोरली बहीणही आली, आणि तिला परत पाठवले गेले नाही. मध्यवर्ती बालवाडीच्या जोडीला उभी राहिलेली ही अंगणवाडी. तिचे नाव वर्णनपर होते. ती अंगणात भरत होती म्हणून अंगणवाडी.

त्या परिसराची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय या कामाचे मोल कळणार नाही. उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत १९४५ सालीच वारल्यांचा मोठा उठाव झाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबायचे, अशी लग्नगड्याची पद्धत तेथे होती, आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ती झुगारून दिली. एकाच भागात, एकाच वर्षी, दोन शिकलेल्या मराठी स्त्रिया दोन टोकांनी त्याच दारिद्र्याला भिडल्या होत्या. दोघींचे मार्ग भिन्न, विचारसरणी भिन्न. कोणाचा मार्ग खरा, यावर आमच्या पिढीने महाविद्यालयात रात्री जागवून वाद घातले आहेत. आज असे वाटते की, मजुरीचा दर आणि मुलाचे शिक्षण हे एकाच हिशोबाचे दोन रकाने आहेत. आईची मजुरी वाढल्याशिवाय थोरली बहीण मोकळी होत नाही, आणि धाकट्याला सांभाळायला जागा असल्याशिवाय आई धडपणे मजुरीला जाऊ शकत नाही.

१९५६-५७ च्या सुमारास ताराबाईंनी आपला मुक्काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आदिवासी वस्तीच्या अगदी मध्यात, हलवला. पासष्टीच्या घरात असताना. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होत्या. ही रचना कागदावर साधी दिसते, पण तिच्यामागे बारकाईने केलेले निरीक्षण आहे. तान्हे मूल पाळणाघरात राहिले की त्याला सांभाळणारी बहीण शाळेत बसू शकते. तीन-चार वर्षांचे मूल बालवाडीत रुळले की ते पुढे पहिलीच्या वर्गातून पळून जात नाही. म्हणजे प्राथमिक शाळेच्या गळतीवरचा उपाय प्राथमिक शाळेच्या आधी आणि बाहेर होता. यापुढची पायरी म्हणजे कुरणशाळा. गुरे राखणाऱ्या मुलांना गुरांपासून सोडवता येत नव्हते, कारण त्या राखणीवर घरातली भाकरी अवलंबून होती. तेव्हा शाळाच कुरणात नेली गेली. गुरे चरत राहिली, मुले शिकत राहिली.

अर्थशास्त्राच्या तासाला संधी-खर्च ही संकल्पना शिकवताना पाठ्यपुस्तकातील उदाहरणे बहुधा परदेशी कारखान्यांची असतात. मी अलीकडे कुरणशाळेचे उदाहरण देतो. फी माफ केली तरी शाळा गरिबाला फुकट पडत नाही. मुलाने शाळेत घालवलेल्या तासांत त्याने जे काम केले असते त्याची किंमत घराला मोजावी लागते. ही गोष्ट ताराबाईंनी कोणत्याही आलेखाशिवाय ओळखली, आणि ती किंमत शून्यावर आणण्यासाठी शाळेची जागा आणि वेळ बदलली. मुलांना ती किंमत मोजायला लावली नाही.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मुंबई विधानसभेच्या त्या काही काळ सदस्यही होत्या, परंतु चरित्राच्या दृष्टीने या गोष्टी दुय्यम होत. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, चालवले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरात प्रारंभी ३३ प्रकल्प निवडले गेले. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी आणि मुंबईतील धारावी. योजनेत सहा सेवा होत्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. यादी उत्तम होती. तिच्यात बोर्डीचा सारा अनुभव आला होता. आज देशात अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांच्या घरात आहे आणि एवढे मोठे जाळे जगात दुसरीकडे क्वचितच असेल, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. लसीकरणात आणि गरोदर स्त्रियांची नोंद ठेवण्यात या सेविकांनी केलेले काम कोणी नाकारू शकणार नाही.

परंतु सहा सेवांपैकी जी मोजता येते ती टिकते, आणि जी मोजता येत नाही ती झिजते, हा शासनव्यवहाराचा स्वभाव आहे. वाटलेला शिधा किलोत मोजता येतो. टोचलेली लस नोंदवता येते. सेविका अर्धा तास मुलांशी गप्पा मारीत बसली, तिने चार मुलांना चिंचोके मोजायला दिले, एका अबोल पोराला बोलते केले, याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? पूर्वी ती रजिस्टरे भरत असे, २०२१ पासून ती भ्रमणध्वनीवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरते. साधन बदलले, भरणे राहिले. त्यातून गावात समज पसरला की अंगणवाडी म्हणजे खिचडी. ज्याच्या खिशात चार पैसे आले त्याने मूल कॉन्व्हेंटमध्ये घातले. आपल्या विदर्भात इंग्रजी नाव असलेल्या कोणत्याही शिशुवर्गाला कॉन्व्हेंट म्हणतात, मग ते टिनाच्या छपराखाली का भरेना. तेथे साडेतीन वर्षांच्या पोराच्या हाती पेन्सिल देऊन इंग्रजी मुळाक्षरे गिरवून घेतली जातात. गिजुभाई आणि ताराबाई ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर लढले तेच आता फी देऊन विकत मिळते, आणि गरिबाच्या मुलासाठी उरलेल्या अंगणवाडीत खेळही उरत नाही.

हा भावनेचा प्रश्न आहे असे कोणाला वाटल्यास जमैकातला एक प्रयोग सांगतो. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांची निवड करण्यात आली. वये ९ ते २४ महिने. काहींना केवळ पूरक आहार दिला गेला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा जाऊन आईला मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे दाखवीत. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंची. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी त्याच मुलांचा शोध घेतला गेला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना खेळ आणि संवाद मिळाला होता त्यांची कमाई, तो न मिळालेल्यांपेक्षा, सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. केवळ आहार मिळालेल्यांच्या बाबतीत असा दीर्घकालीन फरक आढळला नाही. याचा अर्थ अन्न नको असा कोणी काढू नये. उपाशी मुलाला अन्न मिळालेच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. पण आहारासोबत माणूस मिळाला नाही, तर त्या मुलाची पुढची मजुरी त्याच्या बापाच्याच दराने राहण्याचा धोका आहे.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवले. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीतही हे प्रमाण जवळपास तेवढेच होते.

आता आपल्या गावाकडे येऊ. बोरी अरब हे कापसाच्या पट्ट्यातले गाव, आसपास तांडे. निंदणाच्या दिवसांत बाई सकाळी घर सोडते ती दुपार कलल्यावर परतते. दिवाळीनंतर वेचणीला तर सूर्याबरोबरच निघावे लागते, दव असतानाचा कापूस वजनाला भरतो हे सगळ्यांनाच ठाऊक. अंगणवाडी काही तास चालते आणि बंद होते. उरलेल्या वेळात तीन वर्षांचे मूल आठ वर्षांच्या बहिणीकडे, किंवा धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीजवळ. पुसदकडच्या तांड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीला जातात तेव्हा मूल महिनोन्‌महिने कोणत्याच अंगणवाडीचे नसते. ताराबाईंनी हे दृश्य ओळखले असते. त्यांनी आधी विचारले असते की बाई कामाला किती वाजता जाते, आणि वेळापत्रक त्यानंतर केले असते.

सेविकेकडे पाहिले तर आणखी एक विसंगती दिसते. तिच्याकडून शिक्षिका, परिचारिका, कारकून आणि स्वयंपाकीण अशा चौघींचे काम अपेक्षित आहे, आणि तिला मिळते ते वेतन नसून मानधन आहे. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून सात आठवड्यांहून अधिक काळ संपावर होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदान कायदा लागू होतो असा निर्णय दिला होता. न्यायालयाला जे काम वाटले ते कोषागाराला अजून सेवाभाव वाटतो. ताराबाई आणि अनुताई यांनी आपला त्याग स्वेच्छेने केला होता. दुसऱ्याच्या त्यागावर चालणारी योजना ही वेगळी गोष्ट झाली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला. २०२३ पासून पोषणाबरोबर शिक्षणही, अशी घोषणा देऊन सेविकांचे प्रशिक्षण सुरू झाले. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची पाळणा नावाची योजना २०२२ मध्ये आली. तिचे उद्दिष्ट १७,००० केंद्रांचे होते. १४ लाखांत १७,००० म्हणजे शंभरात सव्वा. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही तरतूद होती की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर एका मजूर स्त्रीला त्यांच्या सांभाळासाठी नेमावे आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी. ही तरतूद प्रत्यक्षात किती कामांवर पाहिली, हे वाचकांनी आपापल्या गावच्या मजूर बायांना विचारावे. कोसबाडला पाळणाघर आणि बालवाडी एकाच आवारात होती, त्याला आता पासष्ट वर्षांहून अधिक काळ लोटला. यंदाची वेचणी सुरू होण्यापूर्वी आमच्या ग्रामसभेपुढे दोनच विषय ठेवण्याचा काही शिक्षक मित्रांचा विचार आहे : हंगामात अंगणवाडीची वेळ बदलून घेणे, आणि तांड्यावरच्या तान्ह्या मुलांसाठी, शाळेची जी खोली रिकामी पडते, ती पाळणाघराला मागणे.